पहिल्या धारेचं

“भट्टी कोनाची हाये हे?”

काट्यांच्या कुंपणापलीकडे मोटारसायकल उभी करत हवालदारानं विचारलं. रामबाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात होते. चुलीवरच्या हंड्याच्या तोंडाशी वाफ निसटत होती आणि कापूस मिसळून मळलेल्या मातीनं ती तिथली फट लिंपत होती. तिनं मान वर केली, खाकी कपडे पाहिले आणि आधी फट लिंपून पुरी केली.

“माही,” ती म्हणाली.

हवालदार बाबाराव थबकला. अल्लीपूरच्या आसपास त्यानं पुष्कळ भट्ट्या पकडल्या होत्या. भट्टीवरची माणसं पळत, पाया पडत, नाहीतर शेजाऱ्याचं नाव पुढं करत. माझी म्हणून कोणी सांगत नसे, आणि सांगणारी सत्तरीची म्हातारी तर त्यानं पाहिलीच नव्हती.

“थ्या हंड्यात काय हाये?”

“गुलाब.”

सोबतचा शिपाई फिसकन हसला. बाबाराव हसला नाही. फाटक ढकलून तो आत आला आणि त्यानं सगळं नीट पाहून घेतलं. तीन दगडांची चूल, तिच्यावर तांब्याचा हंडा, हंड्यावर मातीनं बसवलेलं झाकण, झाकणातून निघालेली तांब्याची नळी, पाण्यानं भरलेल्या घमेल्यातून वळसा घालून पुढं काचेच्या बाटलीत उतरलेली. बाटली अजून कोरडी होती. पलीकडे कडुनिंबाखाली बाजेवर एक म्हातारा उशांना टेकून बसला होता. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती, पण डोळे बाटलीच्या तोंडावर खिळलेले होते. पोलिसांकडं त्यानं एकदाच पाहिलं होतं.

हवालदाराची तरी काय चूक. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यात गोंडांची वस्ती, त्यात अंगणात धूर, हंडा आणि नळी. कोणीतरी फोन केला होता, आणि फोन आला की यावंच लागतं.

“झाकन काढ, आजी,” तो म्हणाला.

“आता नाई काढता येत.”

“काऊन?”

“वाफ जाईन सारी. मंग काईच हाती नाई येत.”

“हे असं सारेच म्हनते,” शिपाई म्हणाला आणि त्यानं चुलीजवळची काठी उचलली.

“थांबा जी.” बाजेवरून आवाज आला. बारीक होता, पण शिपायाचा हात थांबला. रामबाईच्या नवऱ्यानं, गोमाजीनं, एक श्वास घेतला, दुसरा घेतला, मग तो बोलला. “जराशीक वेळ बसा. आता धार पडनच. पयली धार तुमी आपल्या हातावर घ्या. दारू निघाली, तं मले या बाजेसकट गाडीत टाकजा.”

बाबारावानं त्याच्याकडं पाहिलं. मग भिंतीशी उपडं पडलेलं पिंप ओढलं आणि तो त्याच्यावर बसला.

ही भट्टी त्या अंगणात लागली कशी, ते कळायला रामबाईच्या लग्नापर्यंत मागं जावं लागतं.

रामबाईचं माहेर कारंजाकडच्या जंगलात. मोह, तेंदूपत्ता, डिंक, यांतच ती वाढली. तिची आई मोहाची फुलं वेचायची आणि घरच्या लग्नकार्यासाठी, देवासाठी भट्टीही लावायची. आईला मराठीपेक्षा गोंडी जवळची होती, आणि भट्टीजवळ बसलं की ती गोंडीतच बोलायची. धार कशी ऐकावी, जाळ कधी ओढावा, हे रामबाई शिकायचं म्हणून कधी शिकली नाही. आईच्या मांडीला टेकून बसल्या बसल्या ते तिच्यात उतरलं.

लग्न होऊन ती अल्लीपूरला आली तेव्हा नवरा मजुरीला जातो एवढंच तिला ठाऊक होतं. पहिले काही आठवडे बरे गेले. मग फागुन सरला आणि गोमाजी संध्याकाळी घरी येताना अंगाला कसलासा वास घेऊन येऊ लागला. गोड, जड, बायकी वास. सदऱ्याला यायचा, केसांना यायचा, हाताला तर इतका की त्यानं भाकर मोडली की भाकरीलाही लागायचा. मजुरी करणाऱ्या माणसाच्या अंगाला घामाचा वास येतो, फार तर शेणामातीचा. रामबाईनं चार दिवस गिळलं. शेजारची शकुबाई एकदा नाकाला पदर लावून म्हणाली, “बाई व, तुहा नवरा तं नवरदेवावानी घमघमते,” तेव्हा तिचा बांध फुटला.

त्या संध्याकाळी तिनं थाळी त्याच्यापुढं आदळली.

“कोन हाये ते?”

“कोन?”

“जिच्या आंगाचा वास घेऊन येता रोज.”

गोमाजीनं आधी आपल्या हाताकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि त्याला हसू आवरेना. रामबाई रडायला लागली तेव्हा तो गप्प झाला. “उद्या दाखोतो तुले,” तो म्हणाला. “पहाटं उठजो.”

पहाटे ती त्याच्या मागोमाग निघाली, मनात भांडणाची सगळी तयारी करून. गावाबाहेर मधुकरराव शेठांचं शेत होतं. अंधार अजून पुरता सरला नव्हता. शेतात ओळीनं झुडपं होती आणि त्यांत बायका वाकून काहीतरी खुडत होत्या. हवेत तोच वास. शेताच्या कडेला टिनाचं छप्पर, त्याखाली माणूसभर उंचीची तांब्याची देग. गोमाजीनं तिच्या पोटावर थाप मारली.

“हेच ते,” तो म्हणाला. “पहाटं फुलं खाते अन् दुपारी रडते. तिच्या डोयाचं पानी पुसत बसतो मी दिवसभर.”

रामबाई देगेकडं पाहत राहिली. झाकण, मातीचा लेप, नळी, पाण्याच्या हौदात बसवलेलं भांडं.

“हे तं मोहाचीच भट्टी हाये,” ती म्हणाली.

“हळू बोल,” गोमाजी म्हणाला आणि पुन्हा हसला.

मधुकरराव शेठ ती गोष्ट लपवत नसत. बाजारातल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना ते स्वतः सांगत. त्यांनी हौसेनं चैती गुलाब लावला, देग आणली, कनोजहून कारागीर आणला. कारागीर होळीला गावी गेला तो परत आलाच नाही, आणि इकडं शेत फुलून गेलं. फुलं तर वाट पाहत नाहीत. मग त्यांनी शेतावरच्या या गोंडाच्या पोराला बोलावलं आणि विचारलं, “तुमच्या घरी मोहाची काढते ना रे? मंग गुलाबाची काऊन नाई निघनार?” गोमाजीनं एक हंगाम फुलं जाळली, एक हंगाम पाणी पातळ केलं, आणि तिसऱ्या हंगामापासून शेठांचं गुलाबपाणी नागपूरच्या पानवाल्यांकडं जाऊ लागलं.

रामबाईही त्या दिवसापासून फुलं खुडायला लागली. ऊन चढायच्या आत खुडावं लागे, नाहीतर वास उन्हाबरोबर उडून जाई. बोटांना काटे लागत, पण भांडण मिटलं होतं, त्यामुळं तिला ते लागल्यासारखे वाटत नसत. दिवस वर आला की बायका पाकळ्या मोकळ्या करत. पहिल्या खुड्याच्या देगेत जात, उरलेल्या साखरेत घालून बरण्यांतून गुलकंदासाठी उन्हात ठेवत. लग्नसराईत शेठ चंदनाच्या तेलावर गुलाब चढवून अत्तर काढायला लावत. ते निघालं की मधुकररावांची बायको अनुसयाबाई स्वतः शेतावर येई, कापसाचा फाया बुडवून प्रत्येकीच्या मनगटाला लावी आणि गोमाजीच्या कानात खोची. उन्हाळ्यात मजुरांना दुपारी माठातलं सरबत मिळे, साखरेच्या पाकात गुलाबपाणी घातलेलं. गावातल्या लग्नात पाहुण्यांवर गुलाबदाणीतून जे शिंपडलं जाई, देवळाच्या भंडाऱ्यात खिरीला जो वास येई, मिठाईवाल्याच्या पाकातून जो वास येई, त्या सगळ्यामागं आपल्या नवऱ्याचा हात आहे हे रामबाईला ठाऊक असे. ती कुणाला सांगत नसे. पंगतीत खीर वाढली की पहिला घास जरा सावकाश गिळायची, इतकंच.

नागेश झाला तो याच दिवसांत. फुलांच्या गोणपाटावर त्याला झोपवून ती खुडायला जाई. पोराच्या अंगाचा वास घेऊन बायका म्हणत, याले कसाले पावडर पायजे.

गोमाजीला मात्र ती घराबाहेरच थांबवी. “आधी आंग धुवा,” ती म्हणे. “घरात हे सवत नोको मले.” तो मुकाट्यानं हापशीवर जाई, डोक्यावर पाणी घेई, आणि तरीही वास त्याच्याबरोबर आत येईच. तो उशीला लागला होता, गोधडीला लागला होता. रामबाई रोज कुरकुर करी आणि रोज त्याच गोधडीत झोपे.

पुढं डबे यायला लागले. पांढरे प्लास्टिकचे, त्यात गुलाबाच्या नकली वासाचं तेलासारखं काहीतरी. शेठांनी आधी ते थोडं थोडं मिसळलं, मग जास्त. त्यात त्यांनाही सुख नव्हतं. एका दुपारी ते छपराखाली येऊन बसले आणि गोमाजीला म्हणाले, “लोकाइले आता डोक्यात जानारा वास पायजे, बाबा. आपला वास त्याइले लागतच नाई. शेतभर फुलाचं काम हा एवढा डबा करते, मी तरी काय करू?”

पुढच्या हंगामात देग लागली नाही. शेठांनी त्याला बाटल्या भरायला ठेवलं. तो काही दिवस गेला आणि मग जायचा थांबला. रामबाईनं कारण विचारलं, तर म्हणाला, “हाताले काम नाई तिथं. नुसतं ओतायचं हाये.”

शेतात नांगर घालायचा दिवस ठरला, तेव्हा खुडणाऱ्या बायका न बोलावता शेतावर गेल्या. कोणी काही ठरवलं नव्हतं. प्रत्येकीनं दोन-चार फांद्या छाटून घेतल्या आणि आपापल्या अंगणात खोचल्या. काही जळाल्या, काही लागल्या.

गोमाजी जिनिंगमध्ये लागला. कापसाच्या गाड्या खाली करायच्या, गाठी रचायच्या. घरी यायचा तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे पांढरे तंतू बसलेले असायचे. त्याच्या अंगाचा गुलाब एका दिवसात गेला नाही. आधी हातांवरून गेला, मग केसांतून, आणि सदऱ्यांतून सगळ्यात शेवटी. पावसाळा लागेपर्यंत गोधडीलाही घामाचा आणि सरकीचा वास यायला लागला. तो सवयीनं हापशीवर अंग धुवायला जाई. एकदा रामबाई त्याला म्हणाली, “राहू द्या, या आत.” तो तिच्याकडं पाहत राहिला. ती चुलीकडं वळली.

वर्षं गेली. नागेश मोठा झाला, हिंगणघाटला फ्रिज-कूलर दुरुस्तीच्या दुकानात लागला. त्याची मुलगी स्वीटी बारावी करून पार्लरचं काम शिकायला लागली. मधुकरराव गेले. आणि गोमाजीच्या छातीत जी कापसाची धूळ इतकी वर्षं साठली होती, तिनं आता त्याचा श्वास धरला. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्याला काही दिवस ठेवलं. डॉक्टरणीनं नागेशला बाजूला घेऊन समजावून सांगितलं आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, “घरी न्या. त्यांच्या आवडीचं खाऊ घाला.”

आवडीचं म्हणजे काय, तेच कळेना. भाकरीचा घास तो तोंडात फिरवी आणि काढून ठेवी. बोलणंही कमी झालं. दिवसभर कडुनिंबाखाली बाजेवर पडून असे.

होळी झाली तशी ऊन तापू लागलं. एका दुपारी स्वीटीनं पार्लरच्या पिशवीतली फवाऱ्याची बाटली काढली आणि आजोबाच्या तोंडावर गार फवारा मारला.

“काय व हे?” त्यानं डोळे मिटूनच विचारलं.

“गुलाबजल, आजोबा. थंड वाटते ना?”

त्यानं बाटली हातात मागितली. तोंडाजवळ नेली, थोडा वेळ तशीच धरली. “चांगलं हाये, पोरी,” तो म्हणाला आणि बाटली परत दिली.

रामबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. पोरीचं मन राखायला तो तसं म्हणाला हे तिला कळलं. पण तिनं आणखी एक पाहिलं. बाटली परत दिल्यावरही त्याचं नाक काहीतरी शोधत होतं. हरवलेली वस्तू माणूस रिकाम्या खिशात पुन्हा पुन्हा चाचपून पाहतो, तसं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

संध्याकाळी ती अनुसयाबाईंकडं गेली. देग केव्हाच मोडीत गेली होती. अनुसयाबाईंना आता दिसायला कमी झालं होतं, पण रामबाईचा आवाज त्यांनी ओळखला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “माहा न्हाणीतला तांब्याचा हंडा चालन का?”

“चालन ना, बाई.”

“ने मंग. अन् गोमाजीले सांग, मी इचारलं म्हणून.”

नळी नागेशनं आणली, नवी कोरी. हे कशाला म्हणून त्यानं एकदा विचारलं, आईचं तोंड पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

फुलांचा प्रश्न होता. तिच्या अंगणात एकच झुडूप. पहाटे उठून तिनं तेवढी फुलं खुडली आणि टोपली घेऊन शकुबाईच्या दारात उभी राहिली. शकुबाईच्या कुंपणाला लागून तीच फांदी वाढली होती, शेठांच्या शेतातली.

“म्हाताऱ्याले वास दाखोतो म्हनतो एकडाव,” रामबाई म्हणाली.

शकुबाईनं झुडूप रिकामं केलं. मग ती स्वतःच टोपली धरून पुढच्या घरी गेली. एकेका अंगणातून कुठं मूठभर, कुठं पदरभर. काही बायका आता राहिल्या नव्हत्या, तिथं त्यांच्या सुनांनी फुलं दिली. आपल्या दाराशी हे झाड कुणी आणि कशासाठी लावलं होतं, हे काहींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सूर्य वर यायच्या आत टोपली शिगोशीग भरली. आणि त्याच सकाळी, रामबाईच्या अंगणातला हंडा आणि नळी पाहून, वस्तीतल्या कुणालातरी भलताच संशय आला असावा.

तर आता हंडा चुलीवर होता, हवालदार पिंपावर बसला होता आणि बाटली कोरडी होती.

“जाळ जास्त झाला,” गोमाजी बाजेवरून म्हणाला.

रामबाईनं एक लाकूड मागं ओढलं.

“घमेल्यातलं पानी पाहा.”

तिनं बोट बुडवलं, कोमट लागलं. ती घागर उचलायला वाकली, तर शिपायानं काठी खाली ठेवली आणि घागर तिच्या हातातून घेतली. गरम पाणी काढून त्यानं गार पाणी ओतलं. बाबाराव त्याच्याकडं पाहत होता.

“किती वर्षं केलं हे काम?” त्यानं गोमाजीला विचारलं.

“जवानी सारी.”

“अन् मंग?”

“मंग जिनिंग.” त्याला खोकला आला. स्वीटी पाणी घेऊन धावली. खोकला थांबल्यावर त्यानं मान कलती केली आणि हात वर केला. सगळे गप्प झाले. हंड्याच्या पोटातला आवाज बदलला होता. आधी खळखळ होती, ती आता दबली होती.

“आली,” गोमाजी म्हणाला. “हात धरा, साहेब.”

बाबाराव उठला, नळीच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि त्यानं तळहात पुढं केला. नळीच्या टोकाला एक थेंब फुगला, थरथरला, पडला. मग दुसरा. मग थेंबांना थेंब लागून बारीक धार झाली. त्यानं तळहात नाकाशी नेला.

शिपायानं विचारलं, “काय साहेब?” बाबारावानं दुसऱ्यांदा वास घेतला आणि मग तो हात आपल्या तोंडावरून, मानेवरून फिरवला, देवाचं तीर्थ घेतल्यावर फिरवतात तसा.

“माह्या बहिनीच्या लग्नात होता हा वास,” तो म्हणाला. “वडनेरले. मी लहान होतो. मंडपाच्या दारात मलेच उभं केलं होतं, गुलाबदानी घेऊन.”

“वडनेरले जायचा आपला माल,” गोमाजी म्हणाला.

खिशातला फोन वाजला. बाबाराव उठून कुंपणाशी गेला, पण अंगण केवढंसं, सगळ्यांना ऐकू येत होतं. “हो साहेब. आलो जागेवर... नाई, दारू नाई. गुलाबपानी हाये... हो, खरंच गुलाबपानी. म्या सोता पाह्यलं... नाई साहेब, धंदेवाले नाई. जुना कारागीर हाये. बिमार हाये. घरच्यापुरतं काढून राह्यले.”

रामबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्याला कुणी काय काय म्हटलं होतं. गडी, मजूर, हमाल, गोमा. कारागीर हा शब्द शेठांच्या तोंडी यायचा तो कनोजच्या माणसासाठी. गोमाजी धारेकडंच पाहत होता, पण उशांवरून तो जरा वर सरकला होता आणि अंगावरची चादर त्यानं हातानं सारखी केली.

फोन ठेवून बाबाराव परत आला. “पुढच्या वेळी भट्टी लावाची असन तं आधी ठान्यात सांगून ठेवजा,” तो म्हणाला. “उगीच तरास होते.”

“पुढची वेळ नाई, साहेब,” गोमाजी म्हणाला.

बाबारावानं मान खाली घातली. तो निघाला तेव्हा रामबाईनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं गुलाबपाणी घालून त्याला दिलं. त्यानं नको म्हटलं नाही. कुंपणाबाहेर जाऊन त्यानं मोटारसायकल बरीच पुढं ढकलत नेली आणि मगच सुरू केली.

दुपारपर्यंत दोन बाटल्या भरल्या. चूल विझली. स्वीटी हिंगणघाटला क्लासला गेली, आणि अंगणात दोघंच उरली. रामबाईनं वाटीत थोडं गुलाबपाणी घेतलं, धुतलेल्या लुगड्याचा तुकडा त्यात बुडवला आणि गोमाजीचं तोंड पुसलं. मग गळा, छाती, हात. हातांना बोटाबोटांतून पुसलं. तो डोळे मिटून होता. श्वास होता तसाच होता, पण त्याला कुठं घाई नव्हती.

“तुले तं हा वास आवडत नोता,” तो म्हणाला.

“नोताच.”

“मंग?”

“सवय झाली.”

“कवा?”

रामबाईनं कापड पिळलं. “तुमी जिनिंगमधी गेल्ते ना,” ती म्हणाली, “तवा.”

त्यानं ओला हात तिच्या मनगटावर ठेवला आणि तिथंच राहू दिला. संध्याकाळी तिनं वाटीभर खीर केली, तिच्यात चमचाभर गुलाबपाणी घातलं. त्यानं ती सगळी खाल्ली.

चैत सरता सरता गोमाजी गेला. सकाळी चहा मागितला, कपातला अर्धा प्यायला आणि उरलेला ठेव म्हणाला. माती देऊन लोक परतले तेव्हा उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. पुढं बरेच दिवस माणसं येत राहिली, वडनेरची, कारंजाकडची, जिनिंगमधली. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, बाकीचं बोलणं मग.

दुसरी बाटली अजून तशीच होती. पाहुणे यायला लागले त्या सकाळी रामबाईनं ती काढली आणि ओसरीवरच्या माठात सगळी ओतली.

“आजी, ठेव ना थोडं,” स्वीटी म्हणाली. “आठवण म्हनून.”

“ठेवलं तं उडून जाते, पोरी.”

माणसं येत, खाली मान घालून बसत. स्वीटी पेला आणून देई. पहिला घोट घेतला की माणूस थांबे, पेल्यात पाही, मग रामबाईकडं पाही. सावकाश पाणी पिऊन तो पेला खाली ठेवी. शकुबाईनं पेला दोन्ही हातांत धरून ठेवला आणि ती रडली. अनुसयाबाईंना त्यांच्या मुलानं ऑटोतून आणलं. त्यांनी पेला आधी नाकाशी नेला, मग तोंडाला लावला, आणि रिकामा पेला पुढं करत म्हणाल्या, “अजून दे थोडं.”

माठ खाली गेला की रामबाई तो भरी. मातीत मुरलेला वास नव्या पाण्यालाही लागे, कालच्यापेक्षा थोडा कमी. येणारी माणसंही कमी होत गेली. नागेश कामावर गेला, स्वीटी क्लासला. अशाच एका दुपारी रामबाई एकटीच ओसरीवर बसली होती. तहान लागली म्हणून तिनं पेला भरून घेतला आणि तोंडाला लावला.

पाणी नुसतं पाणी होतं. गार होतं. ती ते शेवटपर्यंत प्यायली, मग तिनं पेला विसळला आणि माठावर पालथा घातला.